पहिल्या केमोच्या आधी

दादा, 'चौथी स्टेज' ऐकल्यापासून घशाखाली घास उतरत नाही म्हणालात. मी त्यातूनच गेलोय. 3 वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचलेला निघाला, तेव्हा शेतात उभी पऱ्हाटी सोडून मी बाजेवर पडून होतो. पण चौथी स्टेज म्हणजे आजार दुसऱ्या अवयवात गेला. उपचार संपले असं नाही. काहींच्या यकृतातल्या गाठी केमोनंतर कापूनही काढता येतात. तुमच्या बाबतीत जमेल का, डॉक्टरांना सरळ विचारा.

केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असेल तर थंड वस्तूंपासून जपा. पहिल्या सलाईननंतर पौषातल्या पहाटे मी सवयीने हापशीचा दांडा धरला, तर बोटांत काटे घुसल्यासारखं झालं. माठातलं पाणी घशात टोचलं. आधी कुणी सांगितलंच नव्हतं! मग कोमट पाणी, हातमोजे, मोजे. हातापायांतल्या मुंग्या पुढच्या सलाईनपर्यंत टिकल्या तर लपवू नका, डोस बदलता येतो. आणि ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

वावर विकायची भाषा आत्ताच नको. आधी रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, योजनेतल्या दवाखान्यातच तो बसतो.

गावापासून मात्र लपवू नका. मी 2 महिने लपवलं नि एकटा पडलो. कळलं तेव्हा शेजारच्या बायांनी न सांगता माझी वेचणी उरकून दिली.

पहिल्या सलाईनला सोबत हवी असेल तर सांगा, मी येतो.