जिबूती स्थिर आहे का विचारलंत म्हणून

तुम्ही ऐरोलीचे, न्हावा शेवाला सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात आहात, पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती देशाच्या पोर्टवर ऑफर आलीय आणि विचारताय की तिथलं राजकारण स्थिर आहे का, फॅमिली न्यावी का, करमतं का. व्हिसा, लसी, पगार एजंट सांगेलच, ते सोडतो. मी नेरूळचा, इथे पोर्टलाईनलाच आहे.

स्थिर म्हणाल तर १९७७ला फ्रान्सपासून सुटल्यावर राष्ट्राध्यक्ष दोनच झाले, हसन गुलेद आणि १९९९पासून इस्माईल ओमर गेल्लेह, आणि ते काका-पुतणे. आपल्याकडे काका-पुतणे म्हटलं की पक्ष फुटतो, इथे खुर्ची आरामात सरकली. २०१०ला टर्मची अट काढली, २०२५ला ७५ वर्षं वयाचीही काढली. २०२१ला साहेबांना ९७ टक्क्यांच्या वर मतं, मोठ्या विरोधी पक्षांनी बहिष्कारच टाकलेला. बाहेरचं कोणी बोलत नाही कारण समोर बाब-अल-मंदेब आहे, तांबड्या समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी, आणि अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली, चीन सगळ्यांचे तळ इथेच, एकटी अमेरिकाच वर्षाला सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर भाडं भरते, मग असले भाडेकरू घरमालकाच्या घरात कशाला डोकावतील.

पोर्ट म्हणजे इथे सरकारच समजा. इथियोपियाचा बहुतेक माल इथूनच जातो. २०१८ला डोरालेचं कंटेनर टर्मिनल सरकारने दुबईच्या डीपी वर्ल्डकडून सरळ काढून घेतलं, लंडनच्या लवादात वर्षानुवर्षं केस चालली, टर्मिनल काही परत मिळालं नाही. त्यामुळे तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर सही नक्की कोणाची आहे ते आधी बघा. आणि कागदपत्रांचं काम सकाळीच उरका, दुपारी इथियोपियातून ‘खात’ नावाचा नशेचा पाला आला की सगळे चघळत बसतात, मग फाईल हलत नाही. जन्मदाखल्याचं फ्रेंच भाषांतर मी वाशीत पैसे मोजून करून आणलं, तर म्हणे शिक्का चालत नाही, इथलाच माणूस हवा, त्याने तिप्पट घेतले!

आता मुलांचं. मुलीला फ्रेंच माध्यमात घातलं, फाडफाड बोलायला लागली, मग बायको तिला घेऊन परत गेली तर तिकडच्या शाळेतल्या मॅडम म्हणतात इंग्लिश कच्चं आहे, एक वर्ग खाली बसवा. बसवलं. अजून डोकं फिरतं माझं, दोन भाषा जास्त येणारी पोरगी आणि मागे बसवता? मुलगा पाचवीच्या पुढे असेल तर एकटेच या.

करमण्याचं काय, नाही करमत, सवय होते.

खरी सवय वेगळीच लागते. ऑफिसात कोण इस्सा, कोण अफार (इथल्या दोन मोठ्या जमाती) विचारायचं नाही, साहेबांबद्दल चांगलंही बोलायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नाही, आपोआप आलं. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर राडा झाला की मी सगळं वाचतो, मोठा मेसेज टाईप करतो आणि पुसून टाकतो. तिथे कोण पकडणारे मला? तरी पुसतो. बायको म्हणते तुम्ही फोनवरसुद्धा हळू बोलायला लागलात.

ऑफर डायरेक्ट आहे की सब-कॉन्ट्रॅक्टरकडून तेवढं कळवा, सब-कॉन्ट्रॅक्टर असेल तर परतीचं तिकीट लेखी घ्या.