मिस्टरांनी अभ्यास करायचा की मोर्चाला जायचं?

प्रश्न : माझे मिस्टर 2004 पासून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, वय 47. आता कोर्टाने टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायलाच पाहिजे म्हटल्यापासून घरात नुसतं टेन्शन आहे. शिक्षक संघटना वर्गणी घेते, कोल्हापूरच्या दसरा चौकातून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढते, निवेदन देते, पुढं काही झालेलं मला तरी दिसत नाही. त्यापेक्षा त्यांनी गप घरी बसून अभ्यास केलेला बरा नाही का?
— एक भगिनी, पन्हाळा तालुका

उत्तर : ताई, आधी अभ्यासाचं बोलते, कारण तिथं तारीख आहे. सुप्रीम कोर्टाचा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा, त्या दिवशी ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक होती त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. पाचपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीला धोका नाही, पण प्रमोशन नाही. तुमच्या मिस्टरांची 58 पर्यंत अजून बरीच वर्षं आहेत, म्हणजे त्यांना बसावंच लागणार. पुस्तकं आजच काढा.

पण म्हणून संघटना सोडू नका. मी स्वतः करवीर तालुक्यात शिक्षिका होते आणि संघटनेचं काम बरीच वर्षं केलंय. मोर्चा लोकांना दिसतो, खरं काम रात्री चालतं, सतरंजीवर जीआरची झेरॉक्स पसरून आम्ही पाचसहा जण एकेक ओळ वाचायचो, कुठं 'व' आहे आणि कुठं 'किंवा' आहे त्याच्याखाली लाल पेनानं रेघ मारायचो, कारण त्या एका अक्षरावर शेकडो शिक्षकांची बदली नाहीतर पगारश्रेणी अडकलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळा असायचीच.

आताचा प्रश्नही असाच कागदातला आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. टीईटीची अट एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेतून आली आणि त्याच अधिसूचनेत आधी नियमाप्रमाणे लागलेल्यांना सूट होती. तुमचे मिस्टर 2004 चे, म्हणजे त्यांची ऑर्डर निघाली तेव्हा टीईटी हे नावसुद्धा नव्हतं. पुढं 2017 ला संसदेनं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 मध्ये दुरुस्ती केली, की किमान पात्रता नसलेल्यांनी ती 2019 पर्यंत मिळवावी, आणि जुन्या शिक्षकांनाही अट लागू होते असं कोर्टानं कायदा वाचून सांगितलं. वीस वर्षं पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलेल्या माणसावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कायदा केंद्राचा, त्यामुळं मुंबईला कितीही निवेदनं दिली तरी खरी दुरुस्ती दिल्लीत संसदेतच व्हायची. कलम 23 आधी एकदा बदललंय, म्हणजे परतही बदलता येतं, आणि त्यासाठी कोल्हापूर आणि हातकणंगले दोन्ही खासदारांच्या मागं लागायला पाहिजे. हे एकटा शिक्षक कसं करणार? त्यात विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात खरे, आपला पुणे शिक्षक मतदारसंघ, पण तिथं मत माध्यमिक आणि वरच्या शिक्षकांना, प्राथमिकच्या गुरुजींना मतच नाही! मग त्यांचा आवाज संघटनेशिवाय कुठून जाणार सांगा. आणि दसरा चौकात ज्यांचा पुतळा आहे त्या शाहू महाराजांनी 1917 ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते कायदा करूनच की, नुसत्या भाषणानं झालेलं नाही.

वर्गणीचं म्हणाल तर पावती मागा आणि हिशोब विचारा, तो तुमचा हक्क आहे. निवेदनात नेमकं कुठलं कलम बदलून मागितलंय तेही विचारा, 'शिक्षकांना न्याय द्या' एवढंच लिहिलं असेल तर परत लिहायला लावा.

बाकी परीक्षेला एवढं घाबरू नका. पहिली ते पाचवीला शिकवत असतील तर पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. 150 पैकी 90 मार्क लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे, आणि एकदा पास झाले की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. रोज संध्याकाळी दोन तास त्यांना मोकळे द्या, त्या वेळेत शाळेच्या ग्रुपवरची माहिती भरायला बसू देऊ नका. आणि नेमणुकीच्या ऑर्डरची आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स या रविवारीच तालुक्याच्या सेक्रेटरींकडे पोचवा, दुरुस्तीची मागणी करताना 2010 च्या आधीचे किती जण आहेत हे नावानिशी दाखवावं लागतं.