‘प्राध्यापकांना कोट्यवधींचा संशोधन निधी’ अशी बातमी येते, तेव्हा तो पैसा नक्की कोणाला मिळतो?

आपण विचारले आहे की, जवळच्या विद्यापीठातील प्राध्यापकांना बाहेरील संस्थांकडून वर्षभरात काही कोटींचा संशोधन निधी मिळाल्याची बातमी वाचली, तिच्यासोबतच्या तक्त्यात रसायनशास्त्रापुढे मोठमोठे आकडे होते आणि इतिहास व मराठी या विभागांपुढे जेमतेम चार-चार लाख; तर हा पैसा प्राध्यापकांच्या खिशात जातो का, आणि इतिहास व भाषा शिकवणारे संशोधनात मागे आहेत असा त्याचा अर्थ घ्यावा का? मी प्राध्यापक नाही. एका राज्य विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात बाह्य अनुदानित प्रकल्पांच्या फायली अठरा वर्षे माझ्या टेबलावर होत्या, त्यामुळे सर्व विद्याशाखांचा हिशेब मी एकाच खुर्चीवरून पाहिला आहे आणि तेवढ्याच अधिकाराने उत्तर देतो.

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मंजुरी आदेशात प्रमुख अन्वेषक, म्हणजे प्रकल्प चालवणारा, म्हणून प्राध्यापकाचे नाव असले, तरी अनुदान संस्थेच्या नावाने येते आणि खर्चाची जबाबदारी विद्यापीठाची असते. नियमित सेवेतील प्राध्यापकाचे वेतन त्या रकमेतून निघत नाही. आदेशासोबत शीर्षनिहाय तक्ता असतो: उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च आणि विद्यापीठाने दिलेल्या जागा-वीज-कार्यालयीन सेवेपोटी ओव्हरहेड. एका शीर्षातील पैसा दुसऱ्या शीर्षात न्यायचा असेल, तर सहसा अनुदान देणाऱ्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. खरेदी झालेले प्रत्येक यंत्र विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढते आणि प्राध्यापक निवृत्त झाला तरी ते यंत्र तिथेच राहते. खाजगी उद्योगाला सल्ला देऊन मिळणाऱ्या शुल्कात प्राध्यापकाचा वाटा असतो, परंतु ती सल्लासेवा झाली. बातमीत दोन्ही रकमा पुष्कळदा एकाच बेरजेत येतात आणि तिथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

दुसरा गैरसमज बेरजेच्या काळाबद्दलचा आहे. छापलेला आकडा मंजूर रकमेचा असतो, आणि मंजुरी साधारणतः तीन वर्षांसाठी असते. प्रत्यक्षात पैसा हप्त्यांनी सुटतो. पुढचा हप्ता हवा असेल, तर आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील ‘जीएफआर १२-ए’ या नमुन्यात, खर्चाच्या विवरणपत्रासह पाठवावे लागते, आणि केंद्रीय अनुदानावर बँकेत जमा झालेले व्याजसुद्धा सरकारला परत करावे लागते. अलीकडे केंद्राच्या बऱ्याच योजनांत पैसा विद्यापीठाच्या खात्यात येऊन पडतच नाही. शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. सरकारी पैसा बँकांत निजून राहू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र मर्यादा जानेवारीत मिळाली आणि खरेदीची प्रक्रिया दोन महिन्यांची असली, तर त्या वर्षी काय होत असेल ते सांगायला लेखा विभागातला माणूस लागत नाही.

या उशिराचा भार शेवटी कोणावर येतो, तेही सांगितले पाहिजे. प्रकल्पावर काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्राला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्राला ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असा केंद्राचा दर आहे. दर चांगला आहे. परंतु हप्ता अडकला की सर्वप्रथम छात्रवृत्ती अडकते, कारण यंत्राचा पुरवठादार नोटीस पाठवू शकतो आणि छात्र पाठवत नाही. माझ्याकडच्या एका फायलीतील मुलीला सात महिने एक रुपयाही मिळाला नव्हता. ती दर सोमवारी खिडकीशी येऊन ‘सर, काही आले का?’ एवढेच विचारत असे. विद्यापीठाने सर्वसाधारण निधीतून अग्रिम द्यावा असा प्रस्ताव मी दोनदा ठेवला आणि दोन्ही वेळा तो ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आला. आठव्या महिन्यात सगळी रक्कम एकदम जमा झाली. तोवर तिने खोली सोडून मावशीकडून ये-जा सुरू केली होती.

आता विद्याशाखांमधील फरकाकडे वळतो. प्रयोगशाळेतल्या विषयाला लाखो रुपये लागतात, याचे कारण यंत्र महाग असते, इतके सरळ आहे; पण यंत्राभोवतीचा खर्च बातमीत दिसत नाही. जैवतंत्रज्ञान विभागासाठी आलेला उणे ८० अंशांचा फ्रीझर लाकडी खोक्यासकट चार महिने मजल्याच्या व्हरांड्यात उभा होता, कारण फ्रीझरचे पैसे प्रकल्पात मंजूर होते आणि त्या खोलीत स्वतंत्र वीजजोडणी घेण्याचे नव्हते. विद्यापीठाची बांधकामे पाहणारा स्थापत्य विभाग म्हणे, हे प्रकल्पातून करा; प्रकल्प म्हणे, हे ओव्हरहेडमधून करा; आणि ओव्हरहेडची रक्कम तोपर्यंत कुंपणाच्या भिंतीला लागून गेली होती. (तेव्हापासून कुणी फक्त मंजूर रक्कम सांगितली की, माझ्या डोळ्यांसमोर ते खोके येते.)

कराचेही तसेच. शासकीय संशोधन संस्था आणि विद्यापीठांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा वस्तू व सेवा कर होता. ती सवलत १८ जुलै २०२२ पासून निघाली आणि दर सर्वसाधारणतः १८ टक्के झाला. २० लाखांच्या यंत्रावर आधी १ लाख कर लागत होता, तो ३ लाख ६० हजार झाला. ज्यांचे अंदाजपत्रक जुन्या दराने मंजूर झाले होते, त्यांची मंजूर रक्कम काही वाढली नाही. वरचे २ लाख ६० हजार रसायने आणि काचसामानाच्या शीर्षातून काढण्याची परवानगी मागणारी पत्रे मी स्वतः टंकलिखित केली आहेत. पुढे तर खुद्द संशोधन अनुदानावरच कर मागणाऱ्या नोटिसा काही शिक्षणसंस्थांना गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या अनुदानाला सूट देण्याचे ठरवले, तेव्हा तो विषय मिटला.

रकमेवरून संशोधनाची प्रत ठरत नाही, हे पाहायला विज्ञान शाखा सोडून बाहेर जाण्याचीही गरज नाही. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची गणितज्ञांसाठी ‘मॅट्रिक्स’ नावाची योजना होती. तिच्यात वर्षाला २ लाख रुपये, असे तीन वर्षे मिळत. त्याच मंडळाची राज्य विद्यापीठांतील अध्यापकांसाठीची ‘शुअर’ योजना तीन वर्षांना ३० लाखांची होती. गणिताच्या माणसाला प्रवास, पुस्तके, एखादा संगणक आणि शांतता लागते, हे ओळखून केलेली पहिली योजना मला नेहमी शहाणपणाची वाटली. आमच्या गणित विभागातील एक बाई तीन वर्षांची पूर्ण रक्कम वेळेत खर्च करून, एकही आक्षेप न येऊ देता प्रकल्प बंद करणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होत्या. बातमीच्या तक्त्यात मात्र त्यांची ओळ सर्वांत खाली असे.

इतिहास, भाषा आणि समाजशास्त्रे यांचा खर्च माणसांकडे जाण्याचा असतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले सदस्य-सचिव आपले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. तिच्या प्रकल्पांच्या फायलींत प्रमाणके, म्हणजे खर्चाच्या पावत्या, पाहाव्यात तर क्षेत्रीय अन्वेषकांचे मानधन, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे, झेरॉक्स, जिल्हा अभिलेखागारापर्यंतचा प्रवास आणि मुक्काम. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण चालवले, त्याचे स्वरूप पाहिले तरी हे लक्षात येईल: गावोगाव जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आणि ते कोणालाही पाहता येईल असे संगणकीय जाळ्यावर ठेवायचे. त्यात फ्रीझरएवढे महाग काहीही नाही, आणि बोलणारी पिढी गेली की दुसऱ्यांदा विकत घेता येईल असेही त्यात काही नाही.

इतिहासाच्या एका प्रकल्पाची फाईल मला फार जवळून माहीत आहे. मंजुरी सुमारे चार लाखांची होती आणि प्राध्यापक महोदय तालुक्यातालुक्याला एसटीने फिरून जुन्या सावकारी वह्या तपासत होते. दीड वर्षाने लेखापरीक्षक आले, तेव्हा प्रवासाच्या प्रमाणकांना चिकटवलेली यंत्रावरची तिकिटे जवळजवळ कोरी झाली होती. त्या कागदावरची अक्षरे उन्हात आणि डिंकाखाली उडून जातात. आक्षेप निघाला: ‘खर्चाचा पुरावा आढळत नाही.’ चोवीस तिकिटे, मिळून दोन हजारांच्या आतबाहेर. सरांनी आपली दैनंदिनी आणली, कोणत्या दिवशी कोणत्या गावी कोणाची वही पाहिली याची नोंद दाखवली, आणि त्या आधारे परीक्षकांनी आक्षेप वगळला. त्यानंतर तिकीट हाती येताच त्याची झेरॉक्स काढून घेण्याची सूचना मी प्रत्येक नव्या अन्वेषकाला देऊ लागलो.

म्हणून चार लाख हा आकडा लहान आहे, ही माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की, प्रकल्प-अर्जाचा साचा प्रयोगशाळेकडे पाहून बेतलेला असतो, आणि या विषयांना ज्याची सर्वाधिक गरज असते त्या वेळेसाठी त्यात शीर्षच नसते. आठवड्याचे सगळे तास शिकवून, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून, उरलेल्या सुट्टीत सरांनी त्या वह्या वाचल्या. त्यांच्या जागी दोन सत्रे तासिका तत्त्वावर एखादा अध्यापक नेमता आला असता, तर तेवढ्याच रकमेत काम कितीतरी पुढे गेले असते.

शिवाय दारेही कमी झाली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु व बृहत् संशोधन प्रकल्पांच्या योजनेत बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळी बृहत् प्रकल्पाची कमाल मर्यादा विज्ञानाला २० लाख आणि मानव्यविद्यांना १५ लाख होती, तर लघु प्रकल्पाची अनुक्रमे ५ आणि ३ लाख. तालुक्याच्या महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकालाही तीन लाख मिळू शकत. ही योजना त्या पंचवार्षिक काळाबरोबर संपली. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले आणि विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प आहे, त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे तिथे आहेत, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरतीच. सावकारी वह्या त्या सांध्यात कशा बसवाव्यात, हे सरांना मी तरी सांगू शकलो नसतो.

त्यातून पदोन्नतीचे गणित असे की, आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा लाखांहून अधिक रकमेचा पूर्ण झालेला प्रकल्प १० गुण देतो आणि दहा लाखांहून कमी रकमेचा ५. ही रेषा सर्व विषयांना एकच आहे. रसायनशास्त्राचा माणूस एका यंत्राच्या जोरावर ती ओलांडतो. इतिहासाच्या माणसाला ती ओलांडायची तर गरजेपेक्षा जास्त पैसे मागावे लागतात, आणि तसे करणारेही मी पाहिले आहेत. राष्ट्रीय क्रमवारीसाठी व मूल्यांकनासाठीसुद्धा विद्यापीठाला प्रकल्पनिधीची माहिती भरून द्यावी लागते, म्हणून बातमीला बेरीज हवी असते. कुलगुरूंच्या कार्यालयातून मला येणाऱ्या दूरध्वनीत ‘एकूण किती झाले?’ हा प्रश्न असे. ‘किती खर्च झाले?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही.

आपल्याला खरोखर तुलना करायची असेल, तर विद्यापीठाचे वार्षिक लेखे मिळवून पाहा. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत ते अधिसभेसमोर (सिनेटसमोर) ठेवले जातात, आणि नाहीच मिळाले तर माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यांत प्रत्येक प्रकल्पापुढे आरंभीची शिल्लक, वर्षातील जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक असे रकाने सापडतील, अशा बेताने मागणी करा. अखेरची शिल्लक वर्षानुवर्षे मोठी दिसली, तर खरेदी अडली आहे असे समजावे. ती ऋण दिसली, तर विद्यापीठाने पदरचे पैसे घातले आहेत आणि हप्ता यायचा आहे. असे विद्यापीठ मला जास्त आवडते. इतिहासाच्या त्या प्रकल्पाची अखेरची शिल्लक १४० रुपये होती. नियमाप्रमाणे ती धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) परत पाठवली, बँकेने त्यासाठी ५० रुपये शुल्क घेतले, आणि ते पन्नास रुपये कोणत्या शीर्षाखाली दाखवावेत यावरची टिपणी पुढे तीन दिवस टेबलाटेबलांवर फिरत होती.