‘तिसरे जग’ म्हणजे नेमके कोणते देश? आणि पहिले, दुसरे कोणते?
शीतयुद्धात अमेरिकेचा गट पहिले जग, सोव्हिएत गट दुसरे, आणि दोन्हींबाहेरचे, बहुतांशी वसाहतीतून सुटलेले किंवा सुटू पाहणारे गरीब देश म्हणजे तिसरे जग. हा क्रम दर्जाचा मुळीच नाही. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेद सोव्ही यांनी १९५२ साली एका लेखात हा शब्द वापरला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळच्या ‘तिसऱ्या वर्गा’वरून: धर्मगुरू आणि सरदार वगळता उरलेली, कराचा बोजा वाहणारी पण जिला कुणी विचारत नसे अशी जनता. या दुर्लक्षित, शोषित जगालाही आता काहीतरी व्हायचे आहे, असे त्यांनी शेवटी लिहिले. मात्र तटस्थ म्हणून स्वित्झर्लंडही तिसऱ्या जगात, हा तर्क फसवा आहे. सोव्हींच्या डोळ्यांसमोर गरीब देशच होते. १९९१ नंतर दुसरे जगच उरले नाही, तेव्हा आज ‘विकसनशील देश’ म्हणणेच बरे.