वाचकांचे प्रश्न : आजार गोळीला दाद देईनासा झाला तर?

मागच्या अंकात सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच, गोळी चालू असून रिपोर्ट का चढला? म्हणून या वेळी तेवढंच घेतेय.

प्रश्न : माझ्या आईला (वय 58) अडीच वर्षांपासून सीएमएल आहे, इमॅटिनिब 400 चालू आहे. वर्षभरात बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट 0.08 वर आला होता, आम्ही पेढे वाटले. आता तोच 1.9 आलाय. डॉक्टर म्हणतात रेझिस्टन्स, म्हणजे आजार औषधाला दाद न देणं, असू शकतो. शरीराला गोळीची सवय झाली म्हणून असं होतं का? – एक लेक, बार्शी

उत्तर : ताई, पेढे वाटले ते योग्यच केलंत, 0.08 हा खरंच चांगला आकडा होता. रक्तात या कॅन्सरची खूण किती टक्के उरलीय ते हा आकडा सांगतो. साधारण हिशोब असा की गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांत हा आकडा 10 टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत 1 च्या आत आणि वर्षभरात 0.1 च्या आत यायला हवा. एकदा खाली गेलेला आकडा परत 1 च्या वर गेला तर तो अंगावर काढायचा नसतो. पण घाबरण्याआधी तीच टेस्ट त्याच लॅबमधून पुन्हा करून घ्या, कारण लॅब बदलली की आकडा थोडाफार हलतो आणि मग उगाच झोप उडते.

सवयीचं म्हणाल तर, नाही. शरीराला या गोळीची सवय वगैरे होत नाही. बदलते ती कॅन्सरची पेशी, आणि ते खाली दुसऱ्या प्रश्नात येईलच. त्याच्याही आधी एक गोष्ट बघायची असते आणि ती कुठल्या मशीनवर दिसत नाही. आई गोळी रोज घेतेय का?

रागावू नका, हे मी सगळ्यांनाच विचारते. माझ्याकडे एक मावशी यायच्या, अगदी तुमच्यासारखाच रिपोर्ट, आधी छान मग चढलेला. विचारलं तर म्हणाल्या, "एक दिवस चुकवत नाही हो डॉक्टर." पुढच्या वेळी उरलेल्या स्ट्रिप घेऊन या म्हटलं. पिशवी उलटी केली तर तीन महिन्यांच्या 90 गोळ्यांपैकी 19 शिल्लक. मोजत बसलो दोघी. 13 गुरुवार आणि 6 एकादश्या! गोळी जेवणानंतर घ्यायची असं मीच सांगितलेलं, मग उपासाला जेवण नाही म्हणून गोळी नाही, आणि त्यांच्या मते यात चुकवणं कुठे आलं. चूक माझीच, मी "काहीतरी खाऊन, भरपूर पाण्याबरोबर" असं सांगायला हवं होतं. साबुदाण्याची खिचडी चालते, राजगिऱ्याची भाकरी चालते, आज उपास आहे हे गोळीला कळत नाही.

19 गोळ्या गेल्या म्हणजे डोस 79 टक्क्यांवर आला. आता हे ऐका, लंडनमध्ये 87 पेशंटच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवून झाकण कधी उघडतंय हे तपासलं होतं, 2010 मध्ये तो अभ्यास छापून आला. ज्यांनी 80 टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या त्यांच्यातल्या एकालाही हवा तसा मॉलिक्युलर रिस्पॉन्स, म्हणजे बीसीआर-एबीएलचा आकडा पुरेसा खाली येणं, मिळाला नव्हता. मावशी नेमक्या त्याच गटात. बरं, औषध आणि डोस काहीही न बदलता नुसत्या रोज घ्यायला लागल्यावर त्यांचा आकडा पुन्हा उतरला.

दुसरं म्हणजे मधल्या काळात आईला टीबीचं औषध सुरू झालंय का ते बघा. लघवी लाल करणारी जी कॅप्सूल असते, रिफाम्पिसिन, तिच्यामुळे लिव्हर इमॅटिनिबचा फार पटकन फडशा पाडतं आणि रक्तात औषध पुरेसं राहतच नाही. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. आणि कुणी आयुर्वेदिक काढा देत असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. यातलं काहीच नसेल तर म्युटेशनची, म्हणजे कॅन्सरच्या पेशीच्या जीनमध्ये झालेल्या बदलाची टेस्ट. डोस मात्र घरच्या घरी डबल करायचा नाही, आणि "आता लागू पडत नाहीये तर कशाला घ्यायची" म्हणून बंद तर मुळीच करायची नाही.

प्रश्न : माझ्या भावाच्या रिपोर्टमध्ये टी315आय म्युटेशन आलंय. इमॅटिनिब झाली, मग निलोटिनिब झाली, दोन्ही फेल. गुगल केलं तर पोटात गोळाच आला. हे नेमकं काय आहे, आता काही उरलंय का? – शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, तुम्ही कापूसवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मेली, मग काही वर्षांनी गुलाबी अळी परत बोंडात दिसायला लागली. प्रत्येक अळीला बीटीची सवय झाली असं नव्हतं, ज्या मूठभर अळ्यांवर त्याचा परिणाम होत नव्हता त्याच वाचल्या आणि त्यांचीच पुढची पिढी वाढली. रक्तात तेच होतं. लाखो पेशींत एखादीच वेगळी असते, गोळी बाकीच्या मारून तिला रान मोकळं करून देते.

आता टी315आय. सीएमएलमध्ये 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं आणि ते पेशीला सतत वाढ वाढ सांगत राहतं. इमॅटिनिब त्या प्रोटीनच्या एका खोबणीत जाऊन बसते आणि त्याचं तोंड बंद करते. 315 नंबरच्या जागी एरवी थ्रिओनिन नावाचं अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या माळेतला एक मणी) असतं, गोळी त्याचा हात धरून बसते म्हणा ना. म्युटेशनमध्ये तिथे आयसोल्युसिन येतं, ते जाडजूड, आणि धरायला हातही देत नाही. म्हणजे एसटीत तुमच्या सीटवर कुणीतरी आधीच ऐसपैस बसलाय. निलोटिनिब, डासाटिनिब, बोसुटिनिब, सगळ्या त्याच सीटवाल्या, म्हणून एक गेली की तिघींचीही पंचाईत. 2001 मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी हे म्युटेशन शोधून काढलं गेलं, इतकं ते जुनं दुखणं आहे.

पण उरलंय, दादा. पोनाटिनिब मुद्दाम सडपातळ बनवलीय, त्या जाडजूड पाहुण्याला वळसा घालून आत सरकते. ती जोरदार आहे पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची भीती असते, 2013 मध्ये त्यापायी अमेरिकेत तिची विक्री काही काळ थांबवली होती. म्हणून आता 45 मिलिग्रॅमवर सुरू करून रिपोर्ट 1 टक्क्याच्या आत आला की 15 वर आणतात. भाऊ तंबाखू खात असेल, बिडी ओढत असेल तर आजच बंद, बीपी-शुगर तपासून घ्या.

दुसरी ॲसिमिनिब, 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि मला तिची गंमत वाटते. ती त्या सीटकडे जातच नाही. आपल्या साध्या एबीएल प्रोटीनला एक ब्रेक असतो, त्याचंच एक टोक मागच्या खोबणीत अडकून त्याला गप्प ठेवतं. बीसीआर चिकटताना ते टोकच तुटून जातं आणि ब्रेक गेलेली गाडी सुटते. ॲसिमिनिब त्या मागच्या खोबणीत बसून ब्रेकचं काम करते. टी315आयसाठी तिचा डोस नेहमीपेक्षा बराच मोठा असतो, 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. खर्चाचं आताच विचारून ठेवा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात कंपनीच्या मदत योजनांची चौकशी करा, लाजू नका. आणि भाऊ तरुण असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं बोलणं आत्तापासून सुरू करा, भावंडांची एचएलए टेस्ट (मॅरो जुळतो का ते बघणारी) करायला वेळ लागतो. तुमचीच करा पहिल्यांदा.

प्रश्न : जेनेरिक गोळीमुळे रेझिस्टन्स येतो असं शेजारी सांगतात. ब्रँडेड परवडत नाही. – काका, नाशिक

उत्तर : काका, शेजाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला. चांगल्या कंपनीची जेनेरिक इमॅटिनिब आपल्याकडे वर्षानुवर्षं हजारो लोक घेतायत आणि बरे राहतायत. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने या औषधाचं पेटंट नाकारलं (एप्रिल फूल नव्हे, खरंच), त्या वेळी ब्रँडेडचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि जेनेरिकचा दहा हजारांच्या आसपास. महागडी गोळी महिन्यात वीसच दिवस घेण्यापेक्षा स्वस्तातली तीस दिवस घ्या. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका आणि पक्कं बिल घ्या.

प्रश्न : बाबांना पण क्रॉनिक ल्युकेमियाच आहे, पण सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया). इब्रुटिनिब काम करेनाशी झालीय. वर ज्या गोळ्या सांगता त्या चालतील? – ठाणे

उत्तर : नाही, नावात क्रॉनिक असलं तरी आजार वेगळा. इब्रुटिनिब बीटीके नावाच्या प्रोटीनला 481 नंबरच्या सिस्टीनपाशी कायमची चिकटते, तिथे म्युटेशन झालं की चिकटायला जागाच राहत नाही. मग बहुतेक वेळा व्हेनेटोक्लॅक्सकडे जातात, ती वेगळ्याच मार्गाने पेशी मारते. न चिकटता काम करणारी पिर्टोब्रुटिनिबही आता आहे. बाबांच्या डॉक्टरांना 17पी डिलिशनची (17 नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळालाय का याची) टेस्ट झालीय का ते विचारा, पुढचं बरंच त्यावर ठरतं.

प्रश्न : डासाटिनिबने ॲसिडिटी होते म्हणून रोज सकाळी त्याची कॅप्सूल घेतो. काही हरकत? – कराड

उत्तर : हरकत आहे! डासाटिनिब विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, ती सकाळची कॅप्सूल तेच बंद करते आणि मग निम्मं औषध वायाच जातं. तुमच्या डॉक्टरांना फोन करून ती थांबवायची का ते विचारा. फारच जळजळ झाली तर बाटलीतलं पातळ अँटासिड घेता येतं, पण डासाटिनिबच्या आधी किंवा नंतर दोन तासांचं अंतर ठेवून. आणि चालताना दम लागायला लागला किंवा सुका खोकला धरला तर त्याला ॲसिडिटी समजू नका, छातीत पाणी झालंय का ते एक्स-रे काढून बघा, या गोळीने ते होतं.