जुन्या क्रूझबद्दल लिहिताना

भावा, परवा रंकाळ्यावर तू क्रूझचा लेख वाचून दाखवलास. निम्मा लेख गंज आणि फाटक्या गालिच्यावर! खाऱ्या हवेत लोखंड गंजणारच, नव्या जहाजालाही सारखा रंग द्यावा लागतो. तेवढ्यावरनं त्याला भंगारात घालू नकोस. एसी चालला का, लिफ्टसमोर किती ताटकळलात, फ्लश कितीदा बंद पडला ते लिही. जहाजावरचा फ्लश बहुधा व्हॅक्यूमवर चालतो. एकानं नको ते टाकलं की शेजारच्या केबिनीही तुंबतात, त्यामुळं आधी ग्रुपमध्येच चौकशी कर.

'जहाज लई हलतं' एवढ्यानं काय कळणार? केबिन कुठं होती, महिना कुठला? मधल्या भागात, खालच्या डेकवर हेलकावे कमी, टोकाला आणि वर जास्त. माझ्या पहिल्या लेखात मी हेच विसरलो आणि वर शिव्या जहाजाला घातल्या.

सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठं जमायचं याचा सराव, मात्र सविस्तर हवी. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ कलंडली, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. तुमची मंडळी कवायतीच्या वेळी बुफेच्या रांगेत होती म्हणे!

ग्रुपचे रुसवेफुगवे जहाजाच्या माथी नकोत. तांबडा-पांढरा मिळाला नाही ही तर तक्रारच नव्हे. आणि नुसतं तिकीट सांगू नकोस, पोर्टचे पैसे, टिप, वायफाय, महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठण्याचा खर्चही त्यात धर.