खिडकीच्या गजांवरचे पोपडे

प्रश्न : माझी मुलगी पावणेदोन वर्षांची. मी नोकरीला जाते, त्यामुळे ती साडेनऊ ते सहा पाळणाघरात असते. वाडा जुना आहे. काकू फार प्रेमळ, पण खिडकीच्या गजांचा हिरवा ऑइलपेंट सुटलाय. परवा तिच्या तोंडात त्याचा पोपडा सापडला. काकू म्हणतात, ‘दिवाळीआधी सगळं खरवडून नवा रंग देते.’ तेवढ्यानं भागेल का? संध्याकाळी तिथं डासांची कॉइलही लावतात. बोलावं तर काकू दुखावतील अशी भीती वाटते.
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, आधी एवढं करा : मुलं घरात असताना तो रंग खरवडायचा नाही, हे काकूंना आजच सांगा. मला पोपड्यापेक्षा खरवडण्याची धास्ती जास्त वाटते.

घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. गज त्याआधी रंगवलेले असतील, तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर मारला की पिठासारखी धूळ उडते. ती सतरंजीवर बसते, खेळण्यांवर बसते, तिथून हाताला आणि हातातून तोंडात. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी. मेंदूच्या वाढीला त्याची इजा होते आणि मूल मात्र हसतंखेळतं दिसतं.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा यायचा. पोट दुखायचं, शौचाला खडा व्हायचा, चिडचिड असायची. मी दोनदा जंताचं औषध दिलं. तिसऱ्या खेपेला त्याची आई सहज म्हणाली, ‘घरात दोन महिने रंगकाम चालूच आहे हो.’ तेव्हा कुठे रक्त तपासलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

तुमच्या मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, सोबत हिमोग्लोबिनही. शिसं 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रंगकाम सुट्टीत काढा. खाली प्लॅस्टिक अंथरून, गज ओले करून खरवडायचे. नंतर झाडू नाही, ओलं फडकं, तेही दोन-तीनदा. मुलं आत यायची ती त्यानंतरच. तोवर गजांना जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि खाण्याआधी साबणानं हात धुवायला लावा.

कॉइल मात्र आजपासून बंद. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं होतं. खिडकीला जाळी बसवा. काकूंकडे तक्रार घेऊन एकट्या जाऊ नका. चार आया मिळून जा आणि जाळीचे पैसे आपसांत वाटून घ्या.